सांधारहित काच-आवरण : इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या एका रचनामूल्याची चिकित्सा

गोषवारा

मोबाइल फोन, मनगटी घड्याळ, संगणक यांसारख्या उपकरणांच्या रचनेत काचेचे आवरण आणि त्या आवरणाची सांधारहितता ही दोन मूल्ये २०१० नंतर मध्यवर्ती ठरली आहेत. काच हे पारदर्शकतेचे प्रतीक मानले जात असले, तरी या उपकरणांत ती आतील रचना झाकण्याचे काम करते. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा केली आहे. काचेच्या निर्मितीप्रक्रियेच्या आधारे, अशा रचनेत सांधा नाहीसा होत नसून तो चिकटद्रव्यात सरकतो, हे येथे दाखवले आहे. सांधारहिततेच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या तांत्रिक कारणांची तपासणी करून, व्याकरणातील संधिविग्रहाच्या संकल्पनेवर आधारलेला मूल्यमापनाचा एक निकष अखेरीस मांडला आहे.

बीजसंज्ञा : काच-आवरण, सांधा, सांधारहितता, रचनामूल्य, दुरुस्तीक्षमता, संधिविग्रह

१. प्रस्तावना

ॲपल कंपनीने २००० साली ‘पॉवर मॅक जी-४ क्यूब’ हा संगणक बाजारात आणला. काचेसारख्या स्वच्छ ॲक्रिलिकच्या आवरणात अधांतरी धरल्यासारखा दिसणारा हा घनाकृती संगणक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात समाविष्ट झाला आहे. त्याच्या ग्राहकांनी मात्र एक वेगळीच तक्रार केली होती. आवरणावर केसासारख्या बारीक रेषा दिसत होत्या आणि ते तडे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते तडे नसून साच्याच्या रेषा आहेत, असा खुलासा कंपनीकडून करण्यात आला. चढी किंमत आणि मंद विक्री यांमुळे २००१ च्या जुलैमध्ये या संगणकाचे उत्पादन थांबले. तथापि ‘साच्याची रेषा की तडा’ हा वाद रचनाविचाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वस्तू कशी घडली याची खूण ही त्या वस्तूतील दोष म्हणून वाचली गेली, ही त्यातील मुख्य गोष्ट होय.

वस्तुतः सांधा हा घडवलेल्या वस्तूचा स्वाभाविक धर्म आहे. लाकडी पेटीची कड, पुस्तकाच्या पाठीवरील शिवण, रेडिओच्या खोक्याचे चार स्क्रू या गोष्टी वापरणाऱ्याच्या नजरेला कधी खुपल्या नाहीत. किंबहुना वस्तू कोठून उघडायची, हे त्याच सांगत असत. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाबतीत ही स्थिती पालटली. बटण, फट, स्क्रू, झाकण यांपैकी जे जे दृष्टीआड करता येईल ते करावे आणि अखेरीस हातात केवळ काचेचा एक गुळगुळीत तुकडा उरावा, हा या क्षेत्रातील आदर्श बनला. २०१७ मध्ये आयफोन टेनच्या सादरीकरणात त्याचे रचनाकार जॉनी आयव्ह यांनी संपूर्णतः पडदा असलेला आणि अनुभवात विरून जाणारा फोन हे दशकाहून अधिक काळचे उद्दिष्ट असल्याचे सांगितले. हा आदर्श तांत्रिक गरजेतून आला की केवळ दिसण्याच्या अपेक्षेतून, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

२. काच : पारदर्शकतेचा वारसा

काचेला आधुनिक काळात जो सांस्कृतिक अर्थ लाभला, तो प्रामुख्याने वास्तुकलेतून आला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेला ‘क्रिस्टल पॅलेस’ हा लोखंडी सांगाडा आणि काचेची तावदाने यांचा बनलेला होता. त्याचे सुटे भाग कारखान्यात एकाच मापाने तयार झाले होते. त्यामुळे प्रदर्शन संपल्यावर ती प्रचंड इमारत उकलून सिडनहॅम येथे विस्तारित स्वरूपात पुन्हा उभारता आली. काचेच्या या आद्य आधुनिक वास्तूचे सामर्थ्य तिच्या सांध्यांत होते, ही बाब येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९१४ मध्ये जर्मन लेखक पॉल शेअरबार्ट यांनी काचेच्या वास्तुकलेवर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी ब्रूनो टाउट यांनी कोलोन येथे काचमंडप उभारला. काचेच्या घरांत राहणारा माणूस बदलेल, अशी त्यामागील श्रद्धा होती. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३३ च्या एका निबंधात या परंपरेचा परामर्श घेतला. काच ही कठीण आणि गुळगुळीत असल्याने तिच्यावर कोणाचीही खूण टिकत नाही; ती गुपिताची आणि मालकीच्या भावनेची वैरी आहे, अशा आशयाचे विवेचन त्यांनी केले. काच म्हणजे उघडेपणा, हा संकेत अशा रीतीने रुजला.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी काचेची प्रतिष्ठा घेतली, परंतु हा संकेत उलटा केला. फोनच्या पाठीवरील काचेच्या आतल्या बाजूस रंगाचा अपारदर्शक थर दिलेला असतो. काचेची चमक आणि खोली दिसते. काचेतून काहीही दिसत नाही. काचेच्या दोन गुणांपैकी गुळगुळीतपणा स्वीकारला गेला आणि आरपारपणा नाकारला गेला. गुपिताची वैरी मानलेली काच येथे गुपिताची राखणदार झाली आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘नथिंग फोन १’ या उपकरणाची पाठ पारदर्शक आहे. परंतु तिच्यातून जे दिसते त्यात सजवलेली झाकणे आणि दिव्यांच्या पट्ट्या यांचाच भरणा आहे. म्हणजे पारदर्शकता परत आली तीही देखाव्याच्या रूपाने.

सांधे कमी करण्याच्या ध्यासाचे स्पष्ट उदाहरण न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरील ॲपलच्या दुकानाचे होय. २००६ मध्ये उभारलेल्या त्याच्या काचेच्या घनाकृती प्रवेशद्वारात ९० तावदाने होती. २०११ मध्ये तेच प्रवेशद्वार अवघ्या १५ तावदानांत पुन्हा उभारण्यात आले. आकार तोच, उपयोग तोच. कमी झाले ते केवळ सांधे. याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील नव्या मुख्यालयात काही कर्मचारी काचेच्या भिंतींना धडकून जखमी झाल्याचे वृत्त २०१८ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. सांधा किंवा चौकट नसलेली काच स्वतःचे अस्तित्वच सांगत नाही, हा या घटनेतून निघणारा साधा निष्कर्ष आहे. सांधा डोळ्याला माहिती देत असतो. तो पुसला की माहितीही पुसली जाते.

३. कणखर काचेची जडणघडण

उपकरणाचे आवरण काचेचे असावे, ही कल्पना व्यवहार्य ठरण्यामागे सामग्रीविज्ञानाचा दीर्घ इतिहास आहे. काच मुळात दुर्बळ नाही. तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म चिरा तिला दुर्बळ करतात. ताण पडताच चिरेच्या टोकाशी तो एकवटतो आणि चीर क्षणार्धात धावत जाते. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या प्रक्रियेची मांडणी केली. यावरील उपाय म्हणजे पृष्ठभाग कायम दाबाखाली ठेवणे. त्यासाठी काच सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांची जागा आकाराने मोठे असलेले पोटॅशियमचे आयन घेतात. लहान जागेत मोठा आयन शिरल्याने पृष्ठभाग घट्ट दाबला जातो आणि चिरेला उघडण्यास वाव राहत नाही.

अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी या तत्त्वावर ‘केमकोर’ नावाची काच विकसित केली. तथापि तिला पुरेशी बाजारपेठ न मिळाल्याने ती मागे पडली. २००७ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पहिल्या आयफोनचा पडदा प्लॅस्टिकचा होता. त्यावर ओरखडे उठतात हे लक्षात आल्यावर तो बदलण्यात आला आणि जूनमध्ये फोन विक्रीस आला तेव्हा त्यावर काच होती. स्टीव्ह जॉब्ज यांनी कॉर्निंगचे प्रमुख वेंडेल वीक्स यांच्याकडे धरलेला आग्रह आणि केंटकी राज्यातील हॅरोड्सबर्गच्या कारखान्याने अल्पावधीत केलेले उत्पादन हा उद्योगाच्या इतिहासातील सुपरिचित प्रसंग आहे.

ही काच ज्या पद्धतीने ओढली जाते ती पद्धतही चिंतनीय आहे. वितळलेली काच एका लांब पन्हळीत भरली जाते, दोन्ही कडांवरून ओसंडते आणि पन्हळीच्या बाहेरील दोन बाजूंनी खाली येऊन तळाशी एकजीव होते. तिच्या बाह्य पृष्ठभागांना कशाचाही स्पर्श होत नसल्याने ते निर्मळ राहतात. म्हणजे ज्या पत्र्याचा सांधारहितपणा नावाजला जातो, तो पत्राच दोन प्रवाहांच्या मिलनातून जन्मतो.

या सामग्रीला अंगभूत मर्यादा आहेत. कापणे, भोके पाडणे, कडा घासणे ही सारी कामे बळकटीकरणाच्या आधी उरकावी लागतात. दाबाखालील थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजावा इतका पातळ असतो; ओरखडा त्याहून खोल गेला की संरक्षण संपते. कडा आणि कोपरे हे सर्वांत नाजूक भाग होत. काचेत आटे पाडून स्क्रू बसवणे हिताचे नसते, कारण ताण नेमका तेथेच एकवटतो. परिणामी काचेला धातूच्या चौकटीचा आणि चिकटद्रव्याचा आधार घ्यावा लागतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे.

४. सांधा जातो कोठे?

२०१० च्या आयफोन फोरमध्ये पुढील व मागील अशा दोन्ही बाजूंना काच आणि मध्ये स्टेनलेस स्टीलची पट्टी होती. सादरीकरणाच्या वेळी जॉब्ज यांनी त्याची तुलना जुन्या लायका कॅमेऱ्याशी केली होती. पट्टीवर ठिकठिकाणी काळे छेद स्पष्ट दिसत होते. ते घडणीतील उणिवेपोटी राहिले नसून पट्टीचे भाग अँटेना म्हणून काम करतात आणि ते एकमेकांपासून अलग राहावेत म्हणून छेद ठेवले आहेत, असे त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. सांध्याला काम दिले गेले आणि तो उघडपणे मिरवला गेला, अशी ही रचना होती. हाताने विशिष्ट छेद झाकला गेल्यास संदेशवहन मंदावते, ही तिची उणीव लवकरच उघड झाली आणि जुलै २०१० मध्ये कंपनीला पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना मोफत आवरणे देण्याची घोषणा करावी लागली. ही उणीव खरी असली, तरी या फोनचा दुसरा गुण विसरता येत नाही. तळाचे दोन स्क्रू काढले की त्याची मागची काच सरकवून अलग करता येत असे. काच फुटली तर काचच बदलावी, इतका तो व्यवहार सरळ होता.

२०१७ च्या आयफोन एट आणि आयफोन टेनमध्ये पाठीची काच परत आली, पण दोन स्क्रू परत आले नाहीत. ही काच चौकटीला अत्यंत मजबूत चिकटद्रव्याने जोडलेली होती आणि कॅमेऱ्याभोवतीची कडी तिला आणखी जखडून ठेवत होती. तिची दुरुस्ती म्हणजे काचेचा चुरा खरवडून काढणे किंवा लेझर यंत्राने आतला थर जाळून काच सैल करणे. दोन्ही फोन काचेचे, दोन्ही एकाच कंपनीचे. एकाची पाठ काही मिनिटांत निघते, दुसऱ्याची पाठ फोडल्याशिवाय निघत नाही. यावरून काच आणि बंदिस्तपणा यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे सिद्ध होते. बंदिस्तपणा हा काचेचा गुणधर्म नसून रचनाकाराचा निर्णय आहे.

सांधा पूर्णपणे वितळवून टाकण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ॲपलला २०१५ मध्ये मिळालेल्या एका पेटंटात काचेचे निरनिराळे तुकडे उष्णतेने एकजीव करून उपकरणाचे पोकळ आवरण बनवण्याची कल्पना आहे. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या दुसऱ्या अर्जात वाकवलेल्या एकाच काचपत्र्यातून संगणकाचा पडदा आणि बैठक घडवण्याचा विचार मांडला आहे. २०१९ च्या प्रारंभी विवो कंपनीने ‘एपेक्स’ हा एकसंध काचेच्या देहाचा, तर मेझू कंपनीने ‘झीरो’ हा सिरॅमिकच्या देहाचा फोन प्रदर्शित केला. दोहोंत चार्जिंगचे छिद्र नव्हते आणि नेहमीची बटणेही नव्हती. यांपैकी ‘झीरो’साठी लोकांकडून निधी उभारण्याची मोहीम आपले उद्दिष्ट गाठू शकली नाही आणि विवोचा फोन सर्वसाधारण विक्रीस आला नाही. पूर्ण सांधारहितता प्रदर्शनात शोभते. व्यवहारात वापरणाऱ्याला छिद्र, बटण आणि फट हवी असते, असा याचा अर्थ लावता येईल.

बाजारात प्रत्यक्ष येणाऱ्या उपकरणांत सांधा वितळलेला नसतो. तो केवळ दृष्टीआड गेलेला असतो. काच आणि चौकट यांच्यामध्ये चिकटद्रव्याची जी पातळ रेषा असते, तेथे तो वस्तीला जातो. स्क्रूचा सांधा उलट फिरवता येतो, चिकटद्रव्याचा सांधा बहुधा येत नाही. म्हणून ‘सांधारहित’ ही संज्ञा वर्णनापेक्षा जाहिरातीच्या जवळची आहे. नेमके बोलायचे तर ही ‘न उलगडणाऱ्या सांध्याची’ रचना होय.

५. समर्थनाचे मुद्दे आणि त्यांची तपासणी

अशा रचनेच्या बाजूने सामान्यतः तीन तांत्रिक कारणे दिली जातात. त्यांचा विचार निःपक्षपातीपणे होणे आवश्यक आहे.

पहिले कारण रेडिओलहरींचे. धातूचे अखंड आवरण लहरींना अडवते, काच अडवत नाही. २०१२ च्या आयफोन फाइव्हच्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर वर आणि खाली काचेच्या पट्ट्या ठेवाव्या लागल्या, त्या याच कारणाने. हा युक्तिवाद ग्राह्य आहे; परंतु तो काचेच्या बाजूचा आहे, बंदिस्तपणाच्या बाजूचा नाही. शिवाय लहरींना वाट देण्याचे काम प्लॅस्टिकही करते.

दुसरे कारण बिनतारी चार्जिंगचे. विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाने ऊर्जा पोहोचवायची तर पाठ धातूची असून चालत नाही. २०१७ मध्ये काचेची पाठ परत येण्यामागे ही गरज होती. हेही कारण खरे आहे. मात्र तारेच्या तुलनेत या पद्धतीत ऊर्जा अधिक वाया जाते आणि ती उष्णतेच्या रूपाने उपकरणातच उरते. काच उष्णतेची मंद वाहक आहे. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता तिच्या शंभरपटीहून अधिक भरते. २०२५ च्या आयफोन सेव्हन्टीन प्रोमध्ये देह पुन्हा ॲल्युमिनियमचा करून पाठीच्या केवळ एका भागात काच ठेवण्यात आली. काचेचे क्षेत्र गरजेपुरते असावे, या विचाराकडे खुद्द उद्योगच वळल्याचे हे उदाहरण आहे.

तिसरे आणि सर्वाधिक वेळा पुढे केले जाणारे कारण म्हणजे पाणी व धूळ यांपासून संरक्षण. फट असली की पाणी शिरणार, हे सामान्य बुद्धीला पटते. परंतु एकाच कंपनीचे दोन सलग फोन या गृहीतकाची परीक्षा घेतात. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलेक्सी एस-फाइव्हला प्लॅस्टिकची, नखाने उघडणारी पाठ होती, बॅटरी काढता येत होती आणि तरीही त्याला आयपी-६७ हा जलरोधकतेचा दर्जा होता. झाकणाच्या आतील रबरी कडा हे काम करत होती. २०१५ चा गॅलेक्सी एस-सिक्स दोन्ही बाजूंनी काचेचा आणि बंद होता. त्याची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येत नव्हती आणि मूळ प्रतिकृतीला जलरोधकतेचा तसा दर्जाही नव्हता. उघडणारा फोन पाण्यात टिकत होता आणि बंद फोनबाबत तशी ग्वाही नव्हती. जलरोधकता आणि बंदिस्तपणा सोबत असू शकतात; मात्र पहिलीसाठी दुसरा अनिवार्य आहे, हे या उदाहरणापुढे टिकत नाही. बंद रचना अधिक सडपातळ होते आणि जुळणीस सोयीची पडते, हे लाभ खरे आहेत. परंतु त्यांना संरक्षणाचे नाव देणे योग्य नव्हे.

६. बंद वस्तू, दुरुस्ती आणि मालकी

रचनेची किंमत वस्तू फुटल्यावर कळते. काच कितीही बळकट केली तरी ती फुटते आणि पाठही काचेची केल्याने फुटण्याजोगे पृष्ठभाग दुप्पट होतात. वापरणाऱ्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. फोन घेतल्याबरोबर त्याला रबरी किंवा प्लॅस्टिकचे कव्हर घालणे आणि पडद्यावर ‘टेम्पर्ड’ चिकटवून घेणे हा भारतातील सार्वत्रिक रिवाज आहे. ज्या स्पर्शासाठी आणि चमकेसाठी काच निवडली, तिला पहिल्याच दिवशी झाकून टाकावे लागते. रचनाकाराने नाकारलेली कड, जाडी आणि पकड ग्राहक वेगळे पैसे देऊन विकत घेतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचा नेहरू प्लेस येथील दुरुस्तीच्या बाजारपेठांनी या बंद वस्तू उघडण्याची स्वतंत्र विद्या विकसित केली आहे. तापपट्टीवर फोन ठेवून चिकटद्रव्य सैल करणे, बारीक तारेने पडद्यापासून काच विलग करणे, पूर्ण डिस्प्ले न बदलता केवळ वरची काच बदलणे ही कौशल्याची कामे तेथे चालतात. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते हाताने हाताला दिले गेले आहे. चिकटद्रव्याची प्रत्येक नवी पिढी या कारागिराला नव्याने निरक्षर करू पाहते, ही सांधारहिततेची सामाजिक बाजू आहे. दुरुस्ती अवघड झाली की ती अधिकृत केंद्रापुरती मर्यादित होते, महाग होते आणि अखेरीस नवी वस्तू घेणे शहाणपणाचे वाटू लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण नोंदले गेले. हा सारा भार काचेच्या फोनांचा नाही, हे उघड आहे. तरीही जी वस्तू उघडत नाही तिचे भाग वेगळे करणे दुष्कर असते, एवढा संबंध नाकारता येत नाही.

शासनसंस्थांनी या प्रश्नाची दखल घेतली आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक सुरू केला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमात, उपकरणातील बॅटरी वापरणाऱ्याला काढता यावी यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख निश्चित केली असून काही अपवादही ठेवले आहेत. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीक्षमता निर्देशांकाविषयीचा अहवाल समितीकडून स्वीकारला. या वातावरणाशी सुसंगत असे रचनाबदलही दिसतात. २०२२ च्या आयफोन फोर्टीनची अंतर्गत मांडणी बदलून मागची काच स्वतंत्रपणे काढता येईल अशी केली गेली; २०२४ च्या आयफोन सिक्स्टीनमध्ये बॅटरीचे चिकटद्रव्य अल्प दाबाच्या विद्युत्प्रवाहाने सुटेल अशी योजना आहे. बाहेरून पाहता हे फोन आधीच्याइतकेच अखंड दिसतात. अखंड दिसणे आणि उलगडता येणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

७. संधी आणि विग्रह : एक निकष

अशा रचनांच्या मूल्यमापनासाठी व्याकरणातील एक परिचित संकल्पना उपयोगी पडते. ‘सूर्य’ आणि ‘उदय’ ही पदे जवळ येऊन ‘सूर्योदय’ हा शब्द बनतो. उच्चारात सांधा ऐकू येत नाही. दोन स्वरांच्या जागी एक नवा स्वर येतो. तरीही शाळकरी विद्यार्थीसुद्धा या शब्दाचा विग्रह करू शकतो, कारण संधी नियमाने झालेला असतो आणि तो नियम सर्वांना खुला असतो. संधीचे सौंदर्य सांधा न दिसण्यात आहे आणि त्याची प्रामाणिकता विग्रह करता येण्यात आहे. मराठीत अखंडतेसाठी ‘एकसंध’ हा शब्द रूढ आहे. त्या शब्दातही सांध्याची आठवण शिल्लक आहे.

या दृष्टीने कोणत्याही काच-आवरणाला तीन प्रश्न विचारता येतील. एक, याचा विग्रह कोण करू शकतो : वापरणारा, गल्लीतील कारागीर, की केवळ निर्माता? दोन, विग्रह करताना कोणता भाग नष्ट होतो? तीन, सांधा लपवण्याचे कारण उपकरणाच्या कार्याशी निगडित आहे की दर्शनाशी?

या निकषावर जी-४ क्यूब हा संगणक पुष्कळच सरस ठरतो. त्याच्या आवरणाने अखंडतेचा आभास निर्माण केला, पण हातमूठ ओढताच आतील सर्व यंत्रणा एकत्रितपणे बाहेर येत असे. आयफोन फोर हा अँटेनाच्या दोषासह उत्तीर्ण होतो. २०१७ नंतरच्या काही वर्षांतील जखडलेल्या पाठीचे फोन, त्यांची कारागिरी उच्च प्रतीची असूनही, अनुत्तीर्ण होतात; कारण काच नष्ट केल्याशिवाय त्यांचा विग्रह होत नाही. गॅलेक्सी एस-सिक्सने देखणेपणाच्या बदल्यात उघडणारे झाकण आणि जलरोधकतेचा दर्जा या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. ‘नथिंग’ची पारदर्शक पाठ पहिल्या प्रश्नापाशीच अडखळते, कारण दिसणे म्हणजे उघडणे नव्हे. याउलट फोर्टीनची पाठ हा संधीच्या मर्यादेत राहून विग्रहाला वाट देण्याचा प्रयत्न म्हणून स्वागतार्ह ठरतो, जरी त्यासाठी लागणारे सुटे भाग आणि अवजारे सामान्य कारागिराला सहज मिळणे ही पुढची अट शिल्लक राहते.

या निकषावर एक आक्षेप संभवतो. घड्याळाचे यंत्र किंवा वैद्यकीय उपकरण यांसारख्या वस्तू कोणीही उघडू नयेत, हेच हितावह असते. आक्षेप योग्य आहे. परंतु तेथेही तज्ज्ञाला विग्रहाची वाट ठेवलेली असते. घड्याळजी मागचे झाकण उघडतो, काम करतो आणि पुन्हा लावतो. घड्याळ कमी देखणे होत नाही. मुद्दा सर्वांनी उघडावे असा नाही. वाट असावी आणि ती मालकाने निवडलेल्या माणसाला वापरता यावी, एवढाच आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात. काच-आवरण ही सामग्रीविज्ञानाची लक्षणीय उपलब्धी आहे आणि रेडिओलहरी व बिनतारी चार्जिंग यांच्या दृष्टीने तिला खरी उपयुक्तता आहे. सांधारहितता मात्र या उपयुक्ततेतून आपोआप निष्पन्न होत नाही. ती स्वतंत्र निवड आहे आणि तिचे समर्थन स्वतंत्रपणे व्हायला हवे. काचेचा आरपारपणा टाकून देऊन तिचा गुळगुळीतपणा तेवढा घेतल्याने, उघडेपणाचे प्रतीक बंदिस्तपणाच्या सेवेस लागले आहे. सांधा नष्ट झाल्याचे सांगितले जाते तेव्हा तो बहुधा चिकटद्रव्यात गेलेला असतो आणि तेथून तो दुरुस्तीच्या खर्चाच्या रूपाने मालकापुढे उभा राहतो.

अभियांत्रिकी, ललितकला, वाणिज्य आणि विधी या शाखांत हा विषय तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो. एका शाखेत काचेची ताकद, दुसरीत तिचे रूप, तिसरीत तिची किंमत आणि चौथीत ग्राहकाचा हक्क. वस्तू मात्र विद्यार्थ्याच्या खिशात सबंध असते. तिच्या सौंदर्याविषयी बोलताना तिच्या सांध्याविषयीही बोलले जावे आणि वस्तू विकत घेताना ती कोठून व कोणाकडून उघडते हा प्रश्न रंग आणि किंमत यांच्याइतक्याच सहजपणे विचारला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. चांगली रचना सांधा लपवू शकते. मात्र त्याची वाट तिने मालकापासून लपवू नये.